प्रश्न वाचकांचे : फाईल केंद्राची की मुलाची?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे सहा वर्षांखालच्या मुलांच्या विकासातील अडचणींविषयी आणि त्यांच्यासाठी लवकर सुरू करायच्या शिक्षणाविषयी आहेत. सरकारी कागदांत याला 'शीघ्र हस्तक्षेप' म्हणतात. हा शब्द कानाला एखाद्या पोलिसी कारवाईसारखा वाटतो, हे मान्य करूनही रूढ झाला असल्यामुळे तोच येथे वापरला आहे. पत्रलेखकांची नावे आणि ओळख पटेल असे तपशील गाळले असून काही पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : आमचा मुलगा दोन वर्षे चार महिन्यांचा आहे. तो दोन-तीनच शब्द बोलतो, हाक मारली तर वळून पाहत नाही आणि काही हवे असले की माझे मनगट धरून ओढत नेतो. सासूबाई म्हणतात, त्याचे वडीलही चार वर्षांचे होईपर्यंत बोलत नव्हते. बालरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने आम्ही एका केंद्रात गेलो. त्यांनी आठवड्यातून पाच दिवस, रोज दोन तास यायला सांगितले आणि 'वैयक्तिक शिक्षण योजना' म्हणून दहा पानी इंग्रजी फाईल दिली. आमच्याच इमारतीतील एका मुलीची फाईल पाहिली, तर नाव वगळता ती जवळजवळ तशीच होती. मग यात वैयक्तिक ते काय? आणि थोडे थांबून पाहिले तर चालेल का? — एक आई, पाथर्डी फाटा

उत्तर : आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण ते लहान आहे : थांबू नका. वर्ष-सव्वा वर्षाच्या सुमारास मूल हवी ती वस्तू बोटाने दाखवू लागते, दीड वर्षापर्यंत काही अर्थपूर्ण शब्द येतात आणि दोन वर्षांच्या आसपास 'पाणी दे', 'बाबा आले' अशी दोन शब्दांची जोडणी ऐकू येते. उशिरा बोलणारी काही मुले पुढे आपसूक बरोबरीला येतात, त्यामुळे सासूबाईंचा अनुभव खोटा नाही. पण अशी मुले बहुधा बोलत नसली तरी बोटाने दाखवतात, सांगितलेले समजून घेतात आणि लुटुपुटूचा स्वयंपाक करतात. कोणते मूल बरोबरीला येईल हे आधी खात्रीने कोणालाच सांगता येत नाही. मदत सुरू केली आणि पुढे तिची गरज नव्हती असे दिसले, तर फार काही बिघडत नाही. गरज असताना दीड वर्ष थांबलो, तर मेंदूची घडण सर्वांत वेगाने होण्याचा काळ हातचा जातो. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही मेंदूचा 85 टक्क्यांहून अधिक विकास सहा वर्षांच्या आत होतो, असे नमूद केले आहे.

मदत सुरू करतानाच एक काम करा. हाकेला न वळणाऱ्या प्रत्येक मुलाची श्रवणचाचणी झालीच पाहिजे. 'टीव्हीवर जाहिरात लागली की धावत येतो, म्हणजे कान ठीक आहेत' हा घरगुती निष्कर्ष फसवा असतो, कारण काही मुलांना ठरावीक पट्टीतले आवाज ऐकू येतात आणि बाकीचे येत नाहीत. 'बेरा' या चाचणीत मूल झोपलेले असताना आवाजाला मेंदूकडून मिळणारा प्रतिसाद मोजला जातो, त्यामुळे मुलाने उत्तर देण्याची गरजच पडत नाही. अडचणीला कोणते नाव द्यायचे, ऑटिझम (स्वमग्नता) की केवळ भाषेचा विलंब, हे ठरायला काही महिने लागू शकतात. शिकवणे मात्र त्या नावासाठी अडवून ठेवायचे नसते.

आता फाईलविषयी. मूल बदलले, पण फाईलचा मजकूर बदलला नाही, तर ती योजना त्या मुलाची नव्हे, छापील नमुन्याची झाली. साधा हिशेब करून पाहा. दोन वर्षांचे मूल दिवसातून अकरा-बारा तास जागे असते, म्हणजे आठवड्याचे ऐंशीच्या आसपास तास. त्यांतले दहा तास केंद्रात गेले, तरी उरलेले सत्तर तास आपल्या घरात, जिन्यात, भाजीच्या गाड्याजवळ आणि आजीच्या मांडीवरच जाणार आहेत. त्या सत्तर तासांत काय करायचे हे जी योजना सांगत नाही, ती इंग्रजीत असो वा मराठीत, अपुरीच आहे. अमेरिकेने 1986 साली तीन वर्षांखालच्या मुलांसाठी याविषयी कायदा केला तेव्हा मुलाच्या नव्हे, तर 'कुटुंबाच्या' वैयक्तिक सेवा योजनेची अट घातली आणि निदान दर सहा महिन्यांनी तिचा फेरआढावा बंधनकारक केला. कुटुंब हा शब्द तेथे शोभेसाठी आलेला नाही.

मी काही वर्षांपूर्वी सातपूरच्या एका दोन खोल्यांच्या घरी सकाळी आठला जाऊन बसले होते, कारण तेथील आईने सांगितले होते की दिवसातली सर्वांत अवघड वेळ तीच. वडील पहिल्या पाळीला गेलेले, आईचे हात कणकेत आणि अडीच वर्षांचा मुलगा तिचे मनगट ओढत फळीवरच्या मुरमुऱ्यांच्या डब्याकडे नेत होता. डबा मिळाला नाही की तो जमिनीवर डोके आपटायचा. आम्ही एवढेच केले, की स्टीलचा तो डबा खालच्या फळीवर आणला आणि झाकण घट्ट लावले. मुलाने डबा स्वतः काढला, झाकणाशी झटापट केली आणि मग तो आईच्या पायाशी आणून आदळला. आता आईचे काम होते ते काहीच न करण्याचे : मनात पाच आकडे मोजायचे, त्याच्या चेहऱ्याच्या पातळीला वाकायचे, त्याने डबा पुढे केला की 'उघड' असा एकच शब्द म्हणायचा आणि लगेच उघडायचा. तिसऱ्या दिवशी ती मला म्हणाली, "मॅडम, ते पाच आकडे मोजणं पोळ्या लाटण्यापेक्षा अवघड आहे." आठवडाभरात मुलगा डबा देण्याआधी तिच्या तोंडाकडे पाहू लागला. 'उघ' हा अर्धा शब्द यायला सहावा आठवडा उजाडला. पण डोके आपटणे त्याच्या कितीतरी आधी कमी झाले होते, आणि त्या घरात मोठे यश ते होते.

त्या मुलाच्या योजनेत आम्ही 'संवादकौशल्य वाढवणे' असे लिहिले नाही. 'नाश्त्याच्या वेळी डबा हवा असेल तर हात ओढण्याऐवजी तो आईकडे देईल आणि तिच्याकडे पाहील, दिवसातून निदान तीनदा, सहा आठवड्यांत' असे लिहिले. हे साधले की नाही, हे घरातील कोणालाही डोळ्यांनी दिसते. त्यासाठी तज्ज्ञाची सही लागत नाही. आपल्या मुलालाही डबाच द्यावा असे नाही. त्याला पाण्यात खेळायला आवडत असेल तर योजना बादलीपाशी सुरू होईल, आणि जिन्यातल्या चपला ओळीने लावायला आवडत असेल तर चपलांपाशी. मुलाला जे आवडते तेथूनच दार उघडते, हेच वैयक्तिक या शब्दाचे बरेचसे मर्म आहे.

केंद्रात परत जा आणि शांतपणे विचारा : या फाईलमधले कोणते ध्येय आमच्या मुलाच्या कोणत्या वेळेशी जोडलेले आहे, घरी कोणी काय करायचे आहे, आणि तीन महिन्यांत काही फरक न दिसल्यास आपण काय बदलणार आहात? सत्र चालू असताना आपल्याला आत बसू देतात का, हेही पाहा. लहान मुलाच्या आईला रोज दोन तास बाहेरच्या बाकावर बसवून ठेवणारी पद्धत मला पटत नाही. शिकवणारी व्यक्ती भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणीकृत विशेष शिक्षक किंवा वाचा-उपचारतज्ज्ञ आहे का, हे विचारण्यात कोणाचाही अपमान नाही. आणि फाईल मराठीत मागा. आजीला वाचता आली नाही तर ती योजना घरात चालणार कशी?

प्रश्न : माझी नात सात महिन्यांची असून तिला डाउन सिंड्रोम आहे. सात महिन्यांच्या लेकराला काय शिक्षण द्यायचे, असे घरातले म्हणतात. आमची द्राक्षबाग आहे. हंगामात वारंवार नाशिकला येणे जमत नाही आणि खर्चही झेपत नाही. सरकारी सोय आहे का? — एक आजोबा, निफाड तालुका

उत्तर : आजोबा, सात महिन्यांच्या बाळाचे शिक्षण म्हणजे पाटी-पेन्सिल नव्हे. डाउन सिंड्रोम असलेल्या, म्हणजे जन्मतः एक गुणसूत्र जास्त असलेल्या, बाळांचे स्नायू सैल असतात, म्हणून मान सावरणे, बसणे आणि चालणे उशिरा येते. चालायला दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ लागू शकतो. या वयात शिकवायचे ते शरीराला. तिला दिवसातून अनेकदा थोडा थोडा वेळ पालथे ठेवा. जमिनीवर रडत असेल तर आपण आडवे व्हा आणि तिला आपल्या छातीवर पालथे घ्या; आजोबांचा चेहरा पाहण्यासाठी ती मान जितकी उचलेल, तितकी खेळण्यासाठी उचलणार नाही. ही बाळे पाय फार फाकवून झोपतात आणि बसतात, तेव्हा मांड्यांच्या बाहेरच्या बाजूंना मऊ गोधडीच्या गुंडाळ्या कशा लावायच्या, हे फिजिओथेरपिस्टकडून एकदा नीट शिकून घ्या. दूध पाजताना डोके शरीरापेक्षा उंच हवे. आजी मालीश करत असतील तर त्यांना सांगा, की 'आता हात', 'आता पाय' असे म्हणून क्षणभर थांबायचे. बाळाने आवाज केला की तेच उत्तर समजून बोलणे पुढे न्यायचे. काही महिन्यांनी 'दूध', 'आणखी', 'संपलं' यांच्या खुणा शब्दासोबत दाखवायला लागा. खुणांमुळे मूल बोलायचे राहते ही भीती निराधार आहे. उलट शब्द येईपर्यंत खूण तिची चिडचिड वाचवते.

वैद्यकीय तपासण्या मात्र टाळता येणार नाहीत. या बाळांपैकी जवळजवळ निम्म्यांना जन्मतः हृदयदोष असतो, म्हणून टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, अजून झाला नसेल तर लगेच करून घ्या. थायरॉइड, कान आणि डोळे यांची तपासणीही ठरल्या वेळी होत राहिली पाहिजे. थायरॉइडची कमतरता राहून गेली तर साऱ्या व्यायामांवर पाणी पडते.

सोय आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 मध्ये सुरू झाला आणि त्याचा प्रारंभ आपल्याच राज्यात पालघर येथे झाला. जन्मापासून 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी त्यात होते, अंगणवाडीत वर्षातून दोनदा वैद्यकीय पथक येते आणि पुढील उपचारांसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्राची योजना आहे. गावातील आशाताई किंवा अंगणवाडी सेविका यांच्याकडून संदर्भचिठ्ठी घ्या आणि पथकाची वाट पाहत बसू नका. नाशिकला त्र्यंबक रोडवरील जिल्हा रुग्णालयात स्वतः चौकशी करता येते. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळाल्यावर केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' आरोग्य विम्यासाठी अर्ज करा. वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतच्या त्या संरक्षणात थेरपीचा खर्चही धरलेला आहे.

आपल्या पत्रातील हंगामाचा उल्लेख मला महत्त्वाचा वाटला. ऑक्टोबरमधील छाटणी आणि जानेवारीनंतरची काढणी या काळात घरातील एकही माणूस मोकळा नसतो, हे थेरपिस्टला पहिल्याच भेटीत सांगा. बागेच्या धामधुमीत महिन्याला एकच फेरी आणि घरी दोनच व्यायाम, तर पावसाळ्यात दर आठवड्याला फेरी, अशी योजना आखता येते आणि आखलीही पाहिजे. न झेपणारे वेळापत्रक स्वीकारून दोन महिन्यांनी ते सारेच सोडून देणारी चांगली, कष्टाळू कुटुंबे मी पाहिली आहेत, आणि त्यात दोष कुटुंबांचा नव्हता.

प्रश्न : मोबाइल पाहून मुलांना 'व्हर्च्युअल ऑटिझम' होतो असे ऐकले. आमचा तीन वर्षांचा मुलगा कमी बोलतो आणि मोबाइलशिवाय जेवत नाही. मोबाइल बंद केला तर पुरेल का? — एक वडील, इंदिरानगर

उत्तर : 'व्हर्च्युअल ऑटिझम' हे वैद्यकशास्त्राने मान्य केलेले निदान नाही. मोबाइल मात्र कमी कराच. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने दोन वर्षांखाली पडदा मुळीच नको आणि दोन ते पाच या वयात दिवसाला एका तासापेक्षा अधिक नको, असे सांगितले आहे. पण 'आधी सहा महिने मोबाइल बंद करून पाहू, मग तपासणीला जाऊ' असा क्रम लावू नका. दोन्ही याच आठवड्यात सुरू करा, आणि जेवताना मोबाइलच्या जागी कोणी तरी समोर बसलेले असू द्या.

प्रश्न : माझ्या अंगणवाडीत चार वर्षांचा एक मुलगा आहे. बडबडगीत सुरू झाले की कान झाकून बाहेर पळतो, गोलात बसत नाही, सांगितलेले ऐकत नाही. घरी कोकणा ही आदिवासी बोली बोलतात. त्याला घरीच ठेवा असे पालकांना सांगावे का? — एक अंगणवाडी सेविका, पेठ तालुका

उत्तर : सेविकाताई, नका सांगू. अंगणवाडी हा त्याच्यासाठी उपलब्ध असलेला कदाचित एकमेव वर्ग आहे.

आधी भाषेचा प्रश्न सोडवा. मराठीत दिलेली सूचना त्याला कळत नाही, की कोणतीच सूचना कळत नाही, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. त्याच्या आईला एक दिवस सोबत बसवा आणि 'वाटी आण', 'चप्पल घाल', 'बहीण कुठे आहे' एवढेच तिला कोकणा बोलीत विचारायला सांगा. तो नीट वागला तर त्याचा अर्धा प्रश्न आपल्या मराठीचा आहे. दोन भाषांच्या घरात वाढल्यामुळे मूल मंद होत नाही. म्हणून घरची भाषा सोडा असेही पालकांना कधी सांगू नका. आईशी ज्या भाषेत मन लागते, त्याच भाषेत मूल पहिल्यांदा शिकते.

कान झाकणे हा हट्ट नव्हे. पत्र्याच्या छताखाली वीस मुले टाळ्या वाजवून गातात तेव्हा काही मुलांना तो आवाज खरोखरच सोसत नाही. गाण्यापूर्वी त्याला खूण करून सांगा, दारापाशी त्याचे एक बसकर किंवा पाट ठरवून द्या, पहिले गाणे हळू आवाजात आणि टाळ्यांशिवाय घ्या. तो दारात उभा राहून ऐकत असेल तर तो वर्गातच आहे, असे समजा. पुढील कामाची सूचना शब्दांनी न देता वस्तूने द्या : खाऊच्या आधी ताटली हातात, बाहेर जाण्याआधी चेंडू हातात. आठ-दहा दिवसांत कोणत्या वेळी तो किती मिनिटे थांबला, याच्या नोंदी वहीत ठेवा. बाल स्वास्थ्य पथक येईल तेव्हा 'ऐकत नाही' या दोन शब्दांपेक्षा ती वही डॉक्टरांच्या अधिक उपयोगी पडेल.

केंद्र सरकारने 2023 मध्ये दिव्यांग बालकांसाठी अंगणवाडी प्रोटोकॉल जाहीर केला असून लवकर ओळख, अंगणवाडीत सामावून घेणे आणि पुढे संदर्भित करणे हे त्यात आपल्या कामाचाच भाग मानले आहे. कागद आणि नोंदवह्या आधीच किती आहेत याची मला कल्पना आहे, त्यामुळे आणखी एका वहीची सूचना करताना संकोच वाटतो. पण बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या परिसरात मुले शाळेत येत नाहीत म्हणून शाळा मुलांच्या अंगणात आणि गुरे चरायच्या कुरणात नेली होती. आपल्या कामाचे नाव ज्या परंपरेतून आले, तिच्यात दारातला पाट सहज बसतो.

प्रश्न : आमची मुलगी पाच वर्षांची आहे. तिला सौम्य सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील इजेमुळे हालचालींवर होणारा परिणाम) आहे. आधाराने चालते, बोलणे अस्पष्ट आहे, समज उत्तम आहे. तीन वर्षे थेरपी केली. आता एका शाळेने 'आमच्याकडे सोय नाही' म्हणून प्रवेश नाकारला. काय करावे? — एक आई, नाशिकरोड

उत्तर : 'सोय नाही' हे कायद्याने ग्राह्य कारण नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 नुसार सरकारी, अनुदानित आणि मान्यताप्राप्त शाळांनी भेदभाव न करता दिव्यांग मुलांना प्रवेश द्यायचा आहे, तसेच किमान 40 टक्के दिव्यांगत्व प्रमाणित झालेल्या मुलांना 6 ते 18 या वयात जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षण मिळण्याचा हक्क आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या 25 टक्के प्रवेशांतही वंचित घटकांमध्ये दिव्यांग बालकांचा समावेश होतो. शाळेकडून नकार लेखी मागा. लेखी द्यायची वेळ आली की अनेकदा भाषा बदलते. तरीही नकारच मिळाला तर शिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज करा.

कायद्याने दार उघडेल. वर्गात पुढे काय होईल ते मात्र बाईंवर अवलंबून आहे, आणि चाळीस मुलांच्या बाईंकडे तीन वर्षांची थेरपीची जाडजूड फाईल वाचायला वेळ नसतो. म्हणून मी पालकांकडून एकच पान लिहून घेते, मुलाच्या तोंडी, मोठ्या अक्षरांत. गेल्या जूनमध्ये एका मुलीसाठी तिच्या आईने लिहिलेले पान असे होते :

'मला गोष्टी आणि कोडी आवडतात. मी बोललेले कळले नाही तर "पुन्हा सांग" म्हणा, समजल्यासारखे करू नका, मला कळते. मला उत्तर द्यायला वेळ लागतो. मनात दहा मोजा. माझे पाय टेकतील असे बाक द्या, नाही तर माझे सगळे लक्ष न पडण्यात जाते. पेन्सिल जाड हवी. जिना मी कठडा धरून उतरते, घाईच्या वेळी सर्वांत शेवटी सोडा. स्वच्छतागृहात मदत लागते, पण मैत्रिणींसमोर विचारू नका. मी कानाला हात लावीन, ती आपली खूण.'